मुदत नसलेली कैद

काही वर्षांपूर्वी एका कारागृहात कवितावाचनाला गेलो होतो. बराकीसमोर सतरंजीवर चाळीसेक जण बसले होते. ओळख व्हावी म्हणून नाव-गाव विचारत गेलो, तर प्रत्येक जण न विचारता आणखी एक गोष्ट सांगे. कुणी म्हणे, ‘पाच वर्षं राहिली’, कुणी म्हणे, ‘दिवाळीनंतर सुटतो’. काही जण मात्र नाव सांगून एवढंच म्हणत, ‘मी कच्चा आहे.’ ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही, तो कच्चा कैदी. शिक्षा लागली की पक्का. आंबा, रस्ता, पावती यांना लागणारं विशेषण माणसाला लागलेलं ऐकून मी जरा चरकलोच. तिथल्या कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

थांबवून ठेवलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. अटक आहे, कैद आहे, नजरकैद, ओलीस, स्थानबद्ध आहे. शब्दकोशात हे सगळे शेजारी-शेजारी नांदतात. इतिहासात मात्र एकाच्या जागी दुसरा ठेवला की अर्थ बदलतो.

‘कैद’ अरबीतून आलेला. मूळ अर्थ बेडी, बंधन. पण अरबीत त्याच शब्दाचा दुसरा अर्थ नोंद असाही आहे, म्हणजे वहीत टिपून ठेवणं. मला हा दुसरा अर्थ महत्त्वाचा वाटतो. पक्क्या कैद्याची नोंद असते, कलम असतं, सुटकेचा दिवस असतो. ‘नजरकैदे’त बेडी नाही, फक्त नजर आहे, आणि ती कधी हटेल याची नोंद कुठेच नाही.

१६६६च्या मे महिन्यात आग्र्याच्या दरबारात जे घडलं ते आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यानंतर शिवाजी महाराजांना कुणी तुरुंगात टाकलं नाही. ते आपल्या मुक्कामीच होते, भोवती फुलादखानाचा पहारा होता. आणखी एक बंधन होतं, ते कागदावरचं. मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग त्यांचा जामीन राहिला होता. आज आपण ‘जामीन मिळाला’ म्हणतो तेव्हा कोर्टाचा हुकूम डोळ्यांसमोर येतो. मूळ शब्दात ‘जामीन’ म्हणजे जो स्वतः हमी घेतो तो माणूस. घरी आम्ही उर्दूत सुटकेला जमानत आणि हमीदाराला जामिन म्हणतो, म्हणून हा फरक माझ्या कानाला लागतो. रामसिंग त्या हमीतून मोकळा झाला आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये महाराज निसटले.

आग्र्याचे ते तीन महिने सगळ्यांना पाठ आहेत. येसूबाईंची तीस वर्षं फारशी कुणी मोजत नाही. १६८९च्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई सात वर्षांच्या शाहूंसह मोगलांच्या हाती लागल्या. शाहूंना बादशहाने राजा हा किताब दिला, सात हजारांची मनसब दिली. छावणी हलली की तेही हलत. असा मनसबदार कैदी म्हणायचा की पाहुणा? एक खरं, की त्यांच्या सुटकेला मुदत नव्हती. १७०७मध्ये अहमदनगरला औरंगजेब वारला, आझमशहाने शाहूंना सोडलं, तेव्हा ते पंचविशीचे झाले होते.

येसूबाई मात्र मागे राहिल्या, आणि त्यांच्यापुरता शब्द बदलला. आता त्या ओलीस होत्या. पहारा तोच, पण आता त्यांची सुटका मुलाच्या वागण्यावर अवलंबून. ओलीस माणसाकडून गुन्हा घडलेला असावाच लागत नाही. चांगल्या वागणुकीने त्याला स्वतःची मुदत कमीही करता येत नाही. १७१९मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, त्यांच्याबरोबर येसूबाई परतल्या. आपल्या पुस्तकांत सनदांना पानंच्या पानं असतात आणि येसूबाईंच्या परतण्याला एखादं वाक्य.

इंग्रजांचे शब्द अधिक सभ्य होते. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला १८८६मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याला तनखा होता, पुढे राजवाडाही बांधून दिला. १९१६मध्ये तो तिथेच वारला. त्याच रत्नागिरीत १९२४पासून सावरकर स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही, या अटी पाच वर्षांसाठी होत्या. मुदत वाढत गेली आणि १९३७ साल उजाडलं. मुदत सांगायची आणि ती वाढवत न्यायची, हा मुदत नसण्याचाच एक प्रकार.

स्वतंत्र भारताने हा शब्द टाकून दिला नाही. आणीबाणीत ‘मिसा’खाली धरलेले हजारो लोक स्थानबद्धच होते. आरोपपत्र नाही, खटला नाही, म्हणून शिक्षाही नाही. आणि शिक्षा नाही म्हणून ती संपण्याचा दिवसही नाही. १९७६च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दाद मागण्याचा दरवाजा बंद केला. पाचांपैकी एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरोधी मत लिहिलं. तो निकाल चुकीचा होता हे न्यायालयाने स्वतः म्हणायला २०१७ साल यावं लागलं.

पण त्या सतरंजीवरचे कच्चे कैदी स्थानबद्ध नव्हते. त्यांच्यावर आरोप होते, खटले होते. त्यांच्यासाठी शब्दांची दुसरी रांग पाहावी लागते. उशीर होतो. त्याला कर्ता लागत नाही, पाऊस पडावा तसा तो होतो. दिरंगाई मात्र कुणीतरी करतं. फारसीत ‘दिरंग’ म्हणजे नुसता विलंब, ठपका आपण मराठीत जोडला, आणि चांगलं केलं. खोळंबा होतो तो दुसऱ्याचा. साक्षीदार येत नाही, पोलीस-पार्टी मिळत नाही, वकील तारीख मागतो, सुनावणी तहकूब होते. कागदावर प्रत्येक वेळी उशीरच लिहिला जातो. आत बसलेल्याचा खोळंबा होतो, त्याची नोंद होत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती. त्यांतली चारांपैकी तीन कच्ची होती.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत एक तरतूद आहे. गुन्ह्याला जन्मठेप किंवा फाशी नसेल आणि दुसरा खटला चालू नसेल, तर कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक-तृतीयांश काळ आत काढलेल्याला सोडण्यासाठी तुरुंगाच्या अधीक्षकाने स्वतः न्यायालयाला लेखी कळवायचं. जुन्या खटल्यांनाही ते लागू आहे, असं त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. म्हणजे प्रत्येक कच्च्याने किती दिवस काढले, हे आता वहीत मोजून ठेवावं लागणार. त्या दिवशी कविता ऐकणाऱ्यांत मागच्या रांगेत एक मुलगा होता. आत येऊन किती दिवस झाले, असं मी त्याला विचारलं होतं. त्याने दिवस सांगितले नाहीत, तारखा सांगितल्या. म्हणाला, ‘एकवीस तारखा झाल्या.’