विमानाचे स्थैर्य व नियंत्रण

विमानाचे स्थैर्य व नियंत्रण : समतोल स्थितीत उडणारे विमान वाऱ्याच्या झोताने विचलित झाल्यास वैमानिकाच्या साहाय्याशिवाय मूळ स्थितीकडे परतण्याच्या त्याच्या प्रवृत्तीस ‘स्थैर्य’ म्हणतात, तर वैमानिकाच्या इच्छेनुसार ही स्थिती बदलता येण्याच्या गुणास ‘नियंत्रणक्षमता’ म्हणतात. हे गुण काही अंशी परस्परविरोधी आहेत. कारण जे विमान सहज ढळत नाही ते सहज वळतही नाही. या दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयत्न हाच या विषयाचा इतिहास होय.

तत्त्वे : उडत्या विमानाचे नाक वर-खाली होऊ शकते, ते डावी-उजवीकडे वळू शकते आणि विमान एका पंखाच्या बाजूस कलू शकते. नाक अकस्मात वर गेल्यास पंख व शेपूट यांवर वाढलेला वरच्या दिशेचा दाब गुरुत्वमध्याच्या मागे कार्य करेल, तर नाक पुन्हा खाली येते. हे घडावे म्हणून गुरुत्वमध्य ठराविक मर्यादेत ठेवावा लागतो. उतारू व सामान यांची मांडणी त्यासाठीच काटेकोरपणे केली जाते. शेपटीचे उभे पृष्ठ विमानाला वातदर्शकाप्रमाणे वाऱ्याच्या रोखाने ठेवते. पंखांची टोके किंचित उंच ठेवल्यास कललेले विमान सावरते.

इतिहास : आल्फाँस पेनो या फ्रेंच संशोधकाने १८७१ मध्ये पॅरिस येथे शेपटीमुळे स्थिर राहणारी, रबराच्या पिळावर चालणारी लहान प्रतिकृती उडवून दाखविली. जर्मन अभियंते ओटो लिलिएन्टाल हे आपले शरीर हलवून ग्लायडरचा तोल सांभाळीत. १८९६ मध्ये झोताने ग्लायडर कोसळून त्यांचा मृत्यू झाला. राइट बंधूंनी निराळा मार्ग पत्करला. १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेले त्यांचे विमान मुळात अस्थिर होते; सायकलस्वाराप्रमाणे वैमानिकाने ते सतत सावरावे, ही त्यांची धारणा होती. जी. एच. ब्रायन यांनी १९११ मध्ये स्थैर्याचे गणित ग्रंथरूपाने मांडले. पुढे ब्रिटिशांचे ‘बी.ई. २ सी’ हे अतिशय स्थिर विमान टेहळणीस उत्तम ठरले. परंतु पहिल्या महायुद्धात चपळपणे वळता न आल्याने ते जर्मन विमानांचे सोपे लक्ष्य बनले. आज भारताच्या ‘तेजस’सारखी लढाऊ विमाने हेतुतः अस्थिर ठेवून त्यांचा तोल संगणकाद्वारे राखला जातो.

उड्डाणारंभ व औरंगाबाद येथील अपघात : प्रवासी विमानात स्थैर्यास प्राधान्य असते, तथापि जमीन सोडताना सर्व भिस्त नियंत्रणावर असते. मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या मागे असल्याने विमानाचे वजन नाक खाली दाबून धरते. ठराविक वेग येताच वैमानिक शेपटीवरील हालत्या पट्टीच्या साहाय्याने नाक उचलतो. हे फार लवकर वा झपाट्याने केल्यास शेपूट धावपट्टीवर घासण्याचा धोका असतो, तर उशीर झाल्यास धावपट्टी संपत येते. उन्हाळ्यात हवा विरळ झाल्याने पंखांचे उत्थापन व एंजिनांचा जोर घटतो आणि चुकीस वाव आणखी कमी उरतो.

याचा दारुण प्रत्यय २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे आला. दिल्लीहून जयपूर, उदयपूर व औरंगाबादमार्गे मुंबईस जाणारे इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान भर दुपारी पूर्ण भाराने चिकलठाणा विमानतळावरून निघाले. धावपट्टीच्या अगदी टोकाशी ते जमिनीवरून उचलले गेले आणि पलीकडच्या रस्त्याने जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या मालमोटारीस त्याचे डावे चाक व एंजिनाचा खालचा भाग धडकला. पुढे सु. ३ किमी. अंतरावर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना आदळून ते कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांनी नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलणे आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणास आलेले अपयश, ही कारणे चौकशीत निष्पन्न झाली. पुढे या विमानतळाची धावपट्टी लांबविण्यात आली.

स्थैर्य विमान हवेत असताना झालेले विचलन सावरते. जमिनीवर वाया गेलेले अंतर ते भरून काढू शकत नाही. म्हणून विमानाच्या सुरक्षिततेचा विचार त्याच्या रचनेपुरता न राहता वैमानिकाचे प्रशिक्षण, धावपट्टीची लांबी व तिच्या टोकापलीकडील मोकळी जागा यांपर्यंत पोहोचतो.