निरोधवलयाची कुळकथा

नवे प्रतिजैविक संयुग घातक जिवाणूंना रोखते की नाही, याची प्राथमिक परीक्षा अनेकदा एका उथळ काचेच्या बशीत होते: पोषक थरावर जिवाणूंची दाट वाढ पसरते आणि औषधाभोवती मात्र वाढ न झालेले स्वच्छ कडे उरते, ज्याला निरोधवलय म्हणतात. रुग्णालयांत ‘कल्चर सेन्सिटिव्हिटी’ या नावाने परिचित असलेली तपासणी बहुधा याच वलयावर आधारलेली असते.

या परीक्षेची पूर्वतयारी स्वयंपाकघरातून आली. रॉबर्ट कॉखच्या बर्लिन येथील प्रयोगशाळेत जिवाणू जिलेटिनवर वाढवले जात. परंतु शरीराच्या तापमानाला ते वितळे आणि काही जिवाणू तर ते पचवूनही टाकत. तेथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांना १८८१ मध्ये त्यांच्या पत्नी फॅनी यांनी समुद्री शेवाळापासून मिळणारा, जेली घट्ट करण्यासाठी वापरला जाणारा अगार सुचवला. कॉखच्या १८८२ च्या क्षयरोगविषयक निबंधात अगारचा उल्लेख आहे, हेसे दांपत्याचा नाही. झाकणाची बशी १८८७ मध्ये युलिउस पेट्री याने आणली, आणि तिला त्याचे नाव मात्र कायमचे चिकटले.

अलेक्झांडर फ्लेमिंगने अगारमध्ये चर कापून त्यात जंतुनाशक भरण्याची आणि चरापर्यंत निरनिराळ्या जिवाणूंच्या रेघा ओढण्याची पद्धत वापरली. पेनिसिलिन कोणाला रोखते आणि कोणाला नाही, हे त्याने १९२९ च्या निबंधात याच पद्धतीने दाखवले. ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली याने १९४० च्या सुमारास दोन्ही टोकांना उघड्या, आखूड नळ्या अगारवर उभ्या केल्या, त्यांत पेनिसिलिनचे द्रावण भरले आणि वलयाच्या व्यासावरून त्याचे बळ मोजले. येथे ‘रोखते की नाही’ या प्रश्नाची जागा ‘किती’ या प्रश्नाने घेतली. त्याच दशकात नळ्यांऐवजी औषधात भिजवलेल्या गाळणकागदाच्या चकत्या रूढ झाल्या.

चकती स्वस्त होती, म्हणून ती सर्वत्र गेली आणि गोंधळही सर्वत्र गेला, कारण अगारची जाडी, जिवाणूंची संख्या किंवा चकतीतील मात्रा बदलली की वलयही बदलते. सिएटल येथील बाउअर, कर्बी, शेरिस व टर्क यांनी १९६६ मध्ये प्रत्येक औषधासाठी ठरावीक मात्रेची एकच चकती, म्यूलर-हिंटन अगार आणि मिलिमीटरमध्ये मोजलेला व्यास अशी शिस्त बसवली. त्यांनी नवे तत्त्व काहीच शोधले नाही, तरी या कुळकथेत सर्वांत मोठे श्रेय त्यांचेच मानावे लागते, कारण त्यांच्यामुळे एका गावचा निकाल दुसऱ्या गावी ताडून पाहता येऊ लागला.

तथापि मोठे वलय म्हणजे प्रभावी औषध, हा समज चुकीचा आहे. वलयाचा व्यास औषध अगारमधून किती वेगाने झिरपते यावरही अवलंबून असतो, आणि मोठ्या रेणूंची औषधे सावकाश झिरपतात. म्हणून नव्या संयुगाचे खरे मोजमाप द्रवमाध्यमात करतात: औषध टप्प्याटप्प्याने निम्मे सौम्य करत नेऊन, ज्या सर्वांत कमी प्रमाणात जिवाणूंची दृश्य वाढ थांबते ती ‘किमान निरोधक संहती’ नोंदवली जाते. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर अखेरचा उपाय म्हणून वापरल्या जाणाऱ्या कोलिस्टिनच्या बाबतीत तर अमेरिका व युरोपातील मानक-संस्थांच्या संयुक्त गटाने २०१६ मध्ये चकतीची पद्धत नाकारून द्रवमाध्यमातील सौम्यीकरणाचीच शिफारस केली.