आपला संघ कोणता? : गोमंतकीय फुटबॉलच्या इतिहासांतील एक प्रकरण

महोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा इतिहास यावा, पायाभरणीचें वर्णन यावें, देणगीदारांचीं नांवें यावींत, अशी वाचकांची अपेक्षा असते. आणि ती अन्य लेखकांनीं आपआपल्या परी पुरविली आहे. मग फुटबॉलसारख्या विषयावर धर्मगुरूनें पानें कां खर्चावीं, असें कोणीहि विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, गेल्या उन्हाळ्यांत आमच्या आवारांत ह्याच विषयावरून दोघां सख्ख्या भावांत अबोला पडला, आणि तो मिटवितांना मला जें वाचावें लागलें त्यांतून हा लेख झाला.

प्रकाशास फुटबॉल आणला तो माझ्या पूर्वींच्या एका गोमंतकीय धर्मगुरूंनीं. तापी व गोमाई ह्यांच्या संगमाजवळच्या मोकळ्या रानांत दगड मांडून त्यांनीं गोल केले, आणि मुलें अनवाणी खेळूं लागलीं. ते बदलून गेले त्या वर्षीं मुलांनीं चेंडूस पाय लावला नाहीं, असें मला येथें येतांच ऐकविण्यांत आलें. त्यांचा शिष्य असलेला धाकटा भाऊ गोव्याच्या संघाचा एकनिष्ठ अभिमानी; थोरला मुंबईच्या संघाचा. एका सायंकाळीं बोलतां बोलतां धाकटा म्हणाला, "मंदार राव देसाई पैशासाठीं विकला गेला." थोरला म्हणाला, "पोटासाठीं माणूस दुसऱ्या गांवीं जातो, त्यांत विकणें कसलें?" थोरला दर वर्षीं पाऊस संपला कीं सुरतेकडच्या ऊसतोडीस जातो व शिमग्यानंतर परततो. तेव्हां हा वाद चेंडूचा राहिला नव्हता, हें भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या मलाहि समजलें.

गोमंतकांत हा खेळ आला तो १८८३ मध्यें. विल्यम रॉबर्ट लायन्स नांवाचे एक धर्मगुरु प्रकृतीच्या कारणास्तव बारदेशांतील शिवोली येथें येऊन राहिले, आणि तेथील मुलांस त्यांनीं फुटबॉल शिकविला. पुढें हडफडें येथील सेंट जोसेफ विद्यालयाच्या स्थापनेशींहि त्यांचें नांव निगडित झालें. राज्य पोर्तुगीजांचें आणि खेळ शिकविणारा इंग्रजी बोलणारा पाहुणा, असा हा योग होता. ज्या खेळास आज प्रत्येक गोंयकार आपल्या मातींतला समजतो, तो हवापालटासाठीं आलेल्या एका परस्थानें आणलेला आहे. बाहेरचा प्रशिक्षक नको, आपलाच हवा, असा आग्रह धरणाऱ्यांनीं हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

विद्यालयांतून खेळ गांवांत गेला. भाताची कापणी झाली कीं मोकळ्या पडलेल्या खाचरांत गांवाविरुद्ध गांव व वाड्याविरुद्ध वाडा असे सामने होऊं लागले. त्या काळीं खेळाडू निवडण्याचा प्रश्नच नव्हता. ती निवड गांवच्या शिवेनें आधींच केलेली असे. हा माणूस मुंबईस आला तेव्हां शीव बरोबर घेऊन आला. धोबीतलाव, माझगांव इत्यादि भागांत गोमंतकीयांच्या 'कूड' म्हणून प्रसिद्ध असलेल्या संस्था आहेत. एकेका गांवच्या लोकांनीं वर्गणी काढून चालविलेलीं हीं वसतिस्थानें; भिंतीशीं ओळीनें मांडलेल्या पेट्या, मध्यें वेदी, सायंकाळीं जपमाळ. बोटीवरच्या नोकरीची वाट पाहाणारा खलाशी तेथें महिनेमहिने राही. शेजारच्या खाटेवरचा माणूस आपल्याच गांवचा असे, म्हणून गांव सुटलें असें त्यास वाटत नसे. थोरल्या भावास मीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "फादर, ऊसतोडीच्या कोपींतहि असेंच असतें." मला हें आधीं सुचलें नव्हतें.

पुढें खेळांत पैसा आला, आणि तो दोन वाटांनीं आला. एक वाट मुंबईच्या कंपन्यांची. रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ पासून चालत आलेली. प्रारंभीं तींत गोऱ्या पलटणींचें वर्चस्व होतें. मग गिरण्या, तेलकंपन्या व कारखाने ह्यांचे संघ उभे राहिले, आणि चांगल्या खेळाडूस त्यांनीं बिदागीऐवजीं नोकरी देऊं केली. महिन्याचा पगार व कूपरेजच्या मैदानावर खेळण्याची संधि, एवढ्यावर गोमंतकीय तरुण आनंदानें जात. नेव्हिल डिसोझा हे टाटा संघाचे प्रसिद्ध खेळाडू. १ डिसेंबर १९५६ रोजीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनीं एकट्यानें तीन गोल केले व भारतानें तो सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिकमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. कोलवाळचे फोर्तुनात फ्रांको हेहि टाटांकडूनच खेळले. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या भारतीय संघांत त्यांची निवड झाली, व १९६२ मध्यें जाकार्ता येथें सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघांत ते होते. वाचकहो, ह्या सनांकडे जरा निरखून पाहा. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजीं. म्हणजे १९५६ मध्यें व १९६० मध्यें हे दोघे भारताच्या संघांत होते, तेव्हां त्यांच्या पूर्वजांच्या गांवांवर पोर्तुगालचें निशाण फडकत होतें. त्यांस कोणी फितूर म्हटल्याचें माझ्या वाचनांत आलेलें नाहीं.

दुसरी वाट गोव्यांतच निघाली, ती लोहखनिजाची. खाणींच्या मालकांनीं संघ पोसण्यास आरंभ केला. साळगांवकरांचा संघ १९५६ मध्यें निघाला. धेंपो व सेसा ह्यांचे संघ पुढील दशकांत पुढें आले. १९८८ मध्यें वार्काचे चर्चिल ब्रदर्स. आतां गांवचा चांगला मुलगा गांवाकडून खेळेनासा झाला. माझ्या सेमिनरींतील दिवसांत साळगांवकर संघानें १९८८ व १९८९ अशीं लागोपाठ दोन वर्षें फेडरेशन चषक जिंकला. त्या बातमीनें आमच्यांतील गोमंतकीय सहाध्यायी इतके हर्षभरित झाले कीं मौनाच्या वेळेचाहि त्यांस विसर पडला व सर्वांस त्याची शिक्षा झाली. ते कांहीं साळगांवकरांच्या खाणींवर नोकरीस नव्हते. मालकाचें नांव संघास लागलें होतें, तरी त्यांच्या मनांत तो गोव्याचाच संघ होता. ब्रह्मानंद शंखवाळकर हे त्या संघाच्या गोलांत दीर्घकाळ उभे राहिले. १९८३-८४ च्या संतोष चषकांत तर गोव्यानें एकहि गोल न स्वीकारतां विजय मिळविला, तोहि त्यांच्याच रक्षणाखालीं. तेच ब्रह्मानंद कारकीर्दीच्या उत्तरार्धांत चर्चिल ब्रदर्सकडे गेले. त्यांच्या नांवाचा मान गोव्यांत त्यामुळें उणा झाला नाहीं.

प्रशिक्षकांचें प्रकरण ह्याहून नाजूक आहे. धेंपो संघाचे आर्मांदो कुलासो ह्यांनीं २००५ ते २०१२ ह्या अवधींत पांच राष्ट्रीय विजेतेपदें मिळवून दिलीं. एवढें यश त्या काळीं कोणाहि भारतीय प्रशिक्षकाच्या वांट्यास आलें नव्हतें. तेहि २०१३ मध्यें धेंपो सोडून कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. मोरोक्कोचे करीम बेंशरिफा हे तर चर्चिल, मोहन बागान, साळगांवकर आणि पुन्हां मोहन बागान अशी प्रदक्षिणा करून आले, व मध्यें २०१०-११ चें विजेतेपद साळगांवकरांस देऊन गेले. येथें एक अवांतर गोष्ट बोलतों. धर्मगुरूची बदली झाली कीं धर्मग्रामांत जी कुजबुज होते ती मैदानांतल्या कुजबुजीहून वेगळी नसते. नवा आलेला जुन्यासारखा प्रवचन करीत नाहीं. जुना असता तर असें झालें नसतें. वरिष्ठांनीं काय पाहून ह्यास पाठविलें! मी हें सर्व दोन्ही बाजूंनीं अनुभविलें आहे. फरक इतकाच कीं आम्हांस कोणी अधिक पगार देऊन पळवीत नाहीं.

आतां मूळ तंट्याकडे येतों. २०१४ मध्यें इंडियन सुपर लीग सुरू झाली व एफ. सी. गोवा हा नवा संघ निघाला. त्याच्या मालकांत आरंभीं धेंपो व साळगांवकर ह्या दोन प्रतिस्पर्धी घराण्यांतील पुरुष एकत्र बसले, हेंच जुन्या लोकांस नवल वाटलें. नव्या स्पर्धेस देशांत अग्रस्थान देण्याची योजना पुढें आली, तेव्हां २०१६ मध्यें धेंपो, साळगांवकर व स्पोर्टिंग ह्या गोव्याच्या तिन्ही संघांनीं जुन्या आय-लीगमधून अंग काढून घेतलें. ज्यांचें सबंध आयुष्य ह्यांतील एका संघासाठीं ओरडण्यांत गेलें होतें, त्यांस एकाएकीं सांगण्यांत आलें कीं तुमचा संघ आतां हा. संघ सोडून खेळाडू जातो ह्याची चर्चा फार होते. संघच प्रेक्षकांस सोडून जातो, ह्याबद्दल मात्र कोणी बोलत नाहीं.

नव्या संघास २०१७ मध्यें सर्जिओ लोबेरा हे स्पेनचे प्रशिक्षक लाभले व खेळास मोठी शोभा आली. परंतु ३१ जानेवारी २०२० रोजीं, साखळीचे थोडेच सामने उरले असतां व संघ उत्तम स्थितींत असतां, त्यांस पदावरून दूर करण्यांत आलें. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडा ह्या गोमंतकीयाच्या देखरेखीखालीं झाले, आणि गोवा साखळींत पहिला येऊन आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटांत जाणारा पहिला भारतीय संघ ठरला. त्याच वर्षीं लोबेरा मुंबई सिटीकडे गेले, आणि त्यांच्यामागून ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मूर्तादा फाल आणि म्हापशाचा मंदार राव देसाई हे गोव्याचे चार खेळाडू मुंबईस गेले. मंदार २०१४ पासून गोव्याकडून खेळत होता व कर्णधारहि झाला होता. परदेशीय तिघे गेले ह्याचें कोणास विशेष वाटलें नाहीं; मंदार गेला तें जिव्हारीं लागलें. मग दैवाची थट्टा पाहा. महामारीमुळें २०२०-२१ ची सबंध स्पर्धा गोव्यांतच, रिकाम्या मैदानांवर झाली. उपांत्य फेरींत गोवा व मुंबई हेच दोन संघ समोर आले; दोन्ही सामने बरोबरींत सुटले, आणि शेवटीं पेनल्टींवर मुंबई ६-५ अशी पुढें गेली. १३ मार्च २०२१ रोजीं फातोर्ड्यास मुंबईनें अंतिम सामनाहि जिंकला. गोव्याच्या मातींत जिंकणाऱ्या संघांत गोव्याचा माजी कर्णधार होता, आणि त्याच्यावर ओरडण्यास किंवा त्याचें कौतुक करण्यास एकहि गोंयकार मैदानांत नव्हता.

हा वाद आपलाच नव्हे. अमेरिकेंत तो कॉलेजांच्या संघांवरून होतो, व तेथें त्याची तीव्रता आपणांस थक्क करील. (तेथील फुटबॉल बहुतांशीं हातानें खेळतात, हें ऐकून आमचीं मुलें पोट धरून हंसलीं.) इंडियाना प्रांतांतील नोत्र दाम हें विद्यापीठ १८४२ मध्यें होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरीन ह्यांनीं स्थापिलें. नूट रॉकनी हे तेथील प्रशिक्षक. नॉर्वेंत जन्मलेले, मूळचे लुथरपंथी, १९२५ मध्यें कॅथलिक झाले. १९१८ ते १९३० पर्यंत त्यांनीं १०५ सामने जिंकले व केवळ १२ गमावले. ३१ मार्च १९३१ रोजीं विमान कोसळून त्यांचा अंत झाला. त्या काळीं आयरिश, इटालियन व पोलिश मजूर मोठमोठ्या शहरांत राबत. कॉलेजाची पायरी त्यांच्या घरांत कोणी चढलेलें नसे; तरी शनिवारीं नोत्र दाम जिंकलें कीं आपणच जिंकलों असें त्यांस वाटे. परक्या देशांत तुच्छतेनें वागविलेल्या लोकांस तो संघ आपला वाटला, आणि त्यासाठीं त्यांनीं कोणाची परवानगी विचारली नाहीं. त्याच नोत्र दामचे प्रशिक्षक ब्रायन केली बारा हंगामांनंतर २०२१ च्या अखेरीस दुसऱ्या विद्यापीठाकडे निघून गेले. त्याच वर्षापासून कॉलेजच्या खेळाडूंस आपल्या नांवावर पैसे मिळविण्याची व एक वर्ष बाहेर न बसतां दुसऱ्या कॉलेजाकडून खेळण्याची मोकळीक मिळाली. आतां तेथील प्रेक्षकहि आमच्या धाकट्यासारखेच म्हणतात कीं निष्ठा उरली नाहीं.

माझें मत विचाराल तर, धाकट्याच्या शब्दांत मला एक अन्याय दिसतो. ज्या प्रशिक्षकास संघ भर मोसमांत काढूं शकतो, ज्या खेळाडूस दुखापत होतांच करार संपला म्हणून सांगूं शकतो, त्या संघानें निष्ठेचें ओझें एकट्या खेळाडूच्या शिरावर ठेवणें योग्य नव्हे. खेळाडूनें जेथें अन्न खाल्लें तेथें अंग चोरूं नये, इतकें मागण्याचा अधिकार आपणांस आहे. आणि मंदार गोव्याकडून खेळला तेव्हां त्यानें अंग चोरलें असें धाकटाहि म्हणत नाहीं. प्रेक्षकाची निष्ठा निराळी. तो पगार घेत नाहीं, त्याचा करार संपत नाहीं, म्हणून ती त्यास परवडते. ज्याच्या घरीं चूल पेटण्यासाठीं दुसऱ्या प्रांतांत जावें लागतें, त्याच्यासमोर बसून 'विकला गेला' हा शब्द उच्चारतांना मात्र थोडें मागेंपुढें पाहावें.

हें सर्व मीं दोघांस एकाच ओट्यावर बसवून सांगितलें. धाकट्यास तें पटलें असें मी म्हणणार नाहीं. लायन्स फादरांची गोष्ट त्यानें दोनदां सांगावयास लावली, आणि मग विचारलें कीं आजारी माणूस मुलांबरोबर धांवला कसा. थोरला कांहींच बोलला नाहीं. दिवाळी झाल्यावर मुकादमाची गाडी अंकलेश्वर रस्त्यावर पहांटे येऊन उभी राहिली, तेव्हां त्याची वळकटी डोक्यावर घेऊन धाकटाच पुढें चालत होता, आणि त्यांचें भांडण पुन्हां सुरू झालें होतें: ह्या वर्षीं गोव्याच्या बचावफळींत कोण खेळेल, ह्यावरून.