पट्टी सुटल्यावर: डोळ्यांच्या डॉक्टरांची प्रसिद्धी

मोतीबिंदूच्या उपचाराला जाहिरातीची जोड फार जुनी आहे. चाचपडत आलेला माणूस घटकाभरात समोरची बोटे मोजू लागला, की पाहणाऱ्याला दुसरा पुरावा लागत नाही.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'लिंगनाशा'वर, म्हणजे मोतीबिंदूवर, शलाकेचा उपचार सांगितला आहे. पुढे शतकानुशतके फिरते वैद्य तोच करत गावोगाव हिंडले. त्यात गढूळ झालेले भिंग बाहेर काढले जात नसे. सुईने ढकलून ते डोळ्यातच मागे पाडले जाई. प्रकाशाची वाट मोकळी होई आणि रुग्णाला लगेच दिसे. दाह, पू, डोळ्यातला वाढलेला दाब ही संकटे मागाहून येत, आणि तोवर वैद्य पुढच्या गावी पोहोचलेला असे. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट एलियट यांनी असे बिघडलेले डोळे गोळा करून अभ्यासले आणि १९१७ मध्ये लंडनमध्ये त्यांवर व्याख्याने दिली. पहिल्या दिवशीच्या डोळ्याची कीर्ती गावभर होई. सहा महिन्यांनंतरचा डोळा फक्त घरच्यांना ठाऊक असे.

युरोपातही हेच चाले. जॉन टेलर हा इंग्रज नेत्रवैद्य डोळ्यांची चित्रे रंगवलेल्या गाडीतून फिरे आणि चौकात भाषणे देई. १७५० मध्ये त्याने लाइपझिगला संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. बाख यांची दृष्टी परतली नाही, आणि त्याच वर्षी ते वारले.

विसाव्या शतकात भारतात नेत्रशिबिरे आली. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शिबिराची तारीख दवंडीने, कर्ण्यावरून, शाळामास्तरांच्या तोंडून कळे. पण खरी प्रसिद्धी करत ते जाड भिंगांचे चष्मे. भिंग काढलेल्या डोळ्याला दहाच्या आसपास नंबर लागे. असा चष्मा लावून आजोबा पारावर बसले, की शस्त्रक्रियेचे फळ रोज सगळ्यांसमोर असे, चांगले आणि वाईट दोन्ही. कृत्रिम भिंग हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ मध्येच बसवले होते. भारतात मात्र ते गरिबांपर्यंत पोहोचायला १९९४ ते २००२ चा जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्प यावा लागला. महाराष्ट्र त्यातल्या सात राज्यांपैकी एक होता. चष्मा गेला, तशी पारावरची ती उघड साक्षही गेली.

डॉक्टरांच्या जाहिरातीला वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी मनाई केली. दवाखाना उघडला, पत्ता बदलला, रजेवरून परतलो, एवढ्यासारख्याच सूचना वर्तमानपत्रात देता येत. मग मोबाइल आला. आता लाल झालेल्या डोळ्याचा फोटो रात्री डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर येतो. केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शिकेने अशा सल्ल्याला रीतसर चौकट दिली. तिचा उपयोग मोठा आहे: टाळेबंदीत म्हाताऱ्या रुग्णाचा एक हेलपाटा वाचणे हीसुद्धा थोडी गोष्ट नव्हती. पण फोटोत बाहेरची लाली दिसते; काचबिंदूचा दाब किंवा पडद्याची इजा दिसत नाही. त्यासाठी रुग्णाला यंत्रासमोर बसवावेच लागते.

दुसरीकडे पट्टी सुटताना हसणाऱ्या आजीचा व्हिडिओ आणि 'चष्मा घालवा' म्हणणारी रील फिरू लागली. आजीचा आनंद खरा असतो. चित्र मात्र पुन्हा पहिल्याच दिवसाचे असते, आणि सुश्रुताच्या शलाकेपासून या व्यवसायातला धोका तिथेच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी काढलेल्या नियमांत म्हणूनच बऱ्या झालेल्या रुग्णांची छायाचित्रे, शस्त्रक्रियेचे व्हिडिओ, रुग्णांकडून मागवलेली प्रशस्ती आणि विकत घेतलेले लाइक या सगळ्यांना मनाई होती. २३ ऑगस्टला ते नियम स्थगित झाले आणि २००२ चे पुन्हा लागू झाले. ते लिहिले गेले तेव्हा फेसबुक निघायला दोन वर्षे होती आणि व्हॉट्सॲपला सात.