माणसं बघून पाणी

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर वाढलेली माणसं आम्ही, आणि रेशनवर आला अमेरिकेचा लाल मिलो. त्याची भाकरी तोंडात फिरायची, घशाखाली उतरायची नाही.

आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. (रोजगार हमीचा कायदा 1977 चा. तो असल्या आयांच्या घामातनं निघाला, असं मी तरी म्हणतो.) तिथं मिळालेली सुकडी ती पदरात बांधून आम्हा पोरांसाठी आणायची.

रात्री हुलग्याचं माडगं. हुलगं खापरात खरपूस भाजायचं, जात्यावर दळायचं. पीठ गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवून आधणात सोडायचं. मीठ, गुळाचा खडा टाकून रटरटू द्यायचं. हात थांबला की उतू जातं.

"आई, पाणी किती?" थोरल्या बहिणीनं विचारलं.

"माणसं बघून घालायचं."

पीठ मात्र रोज तेवढंच. आम्हाला वाढल्यावर ती रिकाम्या भांड्यात पाणी ओतून खरवडायची आन् तेच प्यायची. मला वाटायचं, भांडं धुतीय.

1980 साली उजनी धरण पुरं झालं. पुढं कालवा शिवारात आला, ऊस आला. एकदा बायकोनं दाट माडगं केलं, वर तूप सोडलं. आईनं वाटी तोंडाला लावली अन् खाली ठेवली.

"ग्वाड झालंय गं बाय," म्हणाली, आणि तांब्या उचलून त्यात पाणी ओतलं.