न झालेलं भाषण

१८ जून आला की मडगावच्या लोहिया मैदानावर जाऊन यायचं, ही माझी जुनी खोड. पाऊस असतोच. परवा छत्रीखाली उभा असताना एका ओळखीच्या मुलाने विचारलं, "सर, लोहिया त्या दिवशी नेमकं बोलले काय?"

खरं सांगायचं तर फारसं काही नाही. बोलूच दिलं नाही त्यांना! आणि मला वाटतं, त्या दिवसाची गंमत तिथेच आहे.

असंतोष काही १९४६ साली जन्माला आला नव्हता. १९३० साली सालाझारच्या वसाहत कायद्याने गोवेकरांना दुय्यम ठरवलं, तेव्हा लुईस द मिनेझेस ब्रागांझांनी सरकारी कौन्सिलात त्याविरुद्ध ठराव मांडला. गोव्याला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, असं बजावून सांगितलं. पुढे १९४४ साली टी. बी. कुन्हांनी गोमंतकीयांच्या राष्ट्रीयत्वहरणावर पुस्तिका लिहिली. दोघांचंही लेखन-वक्तृत्व धारदार. पण एकाचं पोर्तुगीजमध्ये, दुसऱ्याचं इंग्रजीत. फोंड्याच्या दुकानदारापर्यंत किंवा केप्याच्या कुळापर्यंत ते पोचणार कसं? आणि पोचलं असतं तरी वाचून झाल्यावर माणसाने करायचं काय, हे त्यात कुठे होतं?

राममनोहर लोहिया तुरुंगातून सुटून, प्रकृती सावरायला म्हणून असोळण्याला आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे आले. लोक भेटायला येऊ लागले, गाऱ्हाणी सांगू लागले. सभा भरवायची तर परवानगी, छापायचं तर सेन्सॉर; लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. लोहियांनी या साऱ्या गाऱ्हाण्यांतून एकच निवडलं. स्वातंत्र्य, विलीनीकरण हे मोठे शब्द त्यांनी तूर्त बाजूला ठेवले. मागणी एवढीच, की बोलायला कुणाची परवानगी लागू नये. आणि ती मागायची पद्धत? परवानगीशिवाय बोलायचं!

वक्तृत्व म्हटलं की आपल्याला अलंकार, टाळ्या आठवतात. इथे वाक्य आणि कृती वेगळी राहिलीच नाही. अर्ज लिहिता न येणाऱ्यालाही उभं राहून चार शब्द बोलणं जमतं. ते चार शब्द हाच गुन्हा, हाच सत्याग्रह.

१८ जूनला भर पावसात माणसं जमली. कॅप्टन मिरांडाने पिस्तूल काढलं. लोहियांनी त्याला हाताने बाजूला सारलं. दोघा मित्रांना अटक झाली. पुढे लोहियांना गोव्याबाहेर काढण्यात आलं. पण वक्ता गेला म्हणून सभा थांबेना. एकेक जण उठून बोलू लागला आणि पकडला जाऊ लागला. वत्सला कीर्तनींसारख्या तरुणी पुढे आल्या. गांधीजींनी 'हरिजन'मधून पाठिंबा दिला.

सरकारलाही धोका नेमका कळला होता, हे शिक्षांवरून दिसतं. कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची सजा दिली आणि पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांचीही तीच वाट झाली. ज्या पुस्तिकेने दोन वर्षं कुणाची झोप उडाली नव्हती, तिचा लेखक आता एवढा भयंकर वाटू लागला!

लोहिया सप्टेंबरात पुन्हा निघाले. त्यांना कुळें स्थानकावरच पकडलं आणि आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं. त्या खेपेला सभेपर्यंतसुद्धा पोचू दिलं नाही.