तोडफोडचा शेवटचा अल्बम आणि क्वीन्सचे जुने दोस्त

तोडफोड ऊर्फ धर्मेश परमार हा मुंबईच्या ‘स्वदेशी’ या हिप हॉप गटातला गुजराती रॅपर. 20 मार्च 2022 रोजी वयाच्या 24 व्या वर्षी तो गेला. त्याच महिन्यात ‘ट्रुथ अँड बेस’ हा त्याचा एकट्याचा अल्बम आझादी रेकॉर्ड्सने काढला होता. पहिला अल्बम, आणि तोच शेवटचा ठरला.

‘स्वदेशी’ची खरी ओळख भाषेची. एमसी मवाली मराठीत, अमरावतीकडचा सौरभ अभ्यंकर (गाण्यातलं नाव ‘100 आरबीएच’) वऱ्हाडी ठसक्यात, आणि तोडफोड गुजरातीत. एकाच गाण्यात तीन घरच्या बोली. आपल्याकडे रॅप म्हटलं की पोरं गाडी, पैसा, शिव्या एवढंच समजतात. या गटाने मात्र 2019 मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, तेही आरेच्या पाड्यावर राहणाऱ्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रातोरात झाडं तोडली गेली, हे वाचकांना आठवत असेल. ‘गली बॉय’ चित्रपटातल्या ‘इंडिया 91’ या गाण्यातही मवाली, 100 आरबीएच यांच्याबरोबर तोडफोडचा आवाज आहे. त्या गाण्याचा ताल विवेक राजगोपालन यांच्या कर्नाटकी बोलांवर उभा आहे.

मुशायऱ्याला बसणाऱ्या मंडळींना रॅप परका वाटायचं खरं तर कारण नाही. काफिया इथेही लागतो, फक्त तो ओळीच्या शेवटी वाट बघत थांबत नाही, मधेच दोन-तीनदा येऊन जातो. मी वर्गात यमक शिकवताना हेच सांगतो, पोरं लगेच कान टवकारतात.

गटातला माणूस गेल्यावर राहिलेल्यांनी काय करायचं? आमच्या वारणानगरच्या बालवाद्यवृंदात मुलं मोठी होऊन बाहेर पडतात, नवी येतात, ते ठरलेलंच असतं. रॅपमध्ये तसं जमत नाही, कारण शब्द ज्याचे त्यानेच लिहिलेले असतात. दुसऱ्याच्या तोंडी ते बसत नाहीत.

याचा सर्वांत मोठा दाखला न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’चा. या गटातले डीजे अली शहीद मुहम्मद मुस्लिम घरातले. क्यू-टिप यांनी नव्वदच्या दशकात इस्लाम स्वीकारला आणि कमाल हे नाव घेतलं. जे डिला यांच्यासह या दोघांच्या संगीतकार चमूचं नावच होतं ‘द उम्मा’. 1996 च्या अल्बमपासून तो चमू कामाला लागला, पण त्याच काळात क्यू-टिप आणि फाइफ डॉग यांच्यात अंतर पडत गेलं. 1998 चा ‘द लव्ह मूव्हमेंट’ हा शेवटचा म्हणून जाहीर झाला.

तो शेवटचा नव्हता. नोव्हेंबर 2015 मध्ये दूरचित्रवाणीवर एकत्र गायल्यावर दिलजमाई झाली आणि न्यू जर्सीत क्यू-टिप यांच्या घरच्या स्टुडिओत गुपचूप काम सुरू झालं. सुरुवातीच्या काळात सोडून गेलेले जरोबी परतले. अली शहीद मात्र तेव्हा ‘ल्यूक केज’ मालिकेच्या संगीतात गुंतलेले. फाइफना मधुमेह जुना, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपणही झालेलं. 22 मार्च 2016 रोजी 45 व्या वर्षी ते वारले. अल्बम अर्धवट होता, पण त्यांचा बराचसा आवाज नोंदवून झालेला. 11 नोव्हेंबर 2016 रोजी, ट्रम्प निवडून आले त्याच आठवड्यात, तो बाहेर आला आणि अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. काळे, मेक्सिकन, गरीब, मुसलमान यांना हाकलायच्या भाषेवर त्यातल्या एका गाण्यात उपहासाने बोट ठेवलंय.

दुसऱ्याच दिवशी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या मंचावर फाइफच्या ओळी आल्या, तेव्हा त्या कुणीही म्हटल्या नाहीत. मागे त्यांचं मोठं चित्र उलगडलं, ध्वनिमुद्रण वाजलं, आणि बाकीचे बाजूला उभे राहिले.